करडा पट्टा संपतो तिथे: ‘फ्रेड’ या आकडेवारीच्या सेवेविषयी

‘फ्रेड’वर अमेरिकेच्या सकल राष्ट्रीय उत्पादनाचा वार्षिक आलेख मी प्रथम उघडला, तेव्हा त्यात महामंदी दिसलीच नाही. 1929 पासून निघालेली रेघ तळाला चिकटून कितीतरी वर्षे जवळजवळ आडवी जाते आणि अलीकडच्या दशकांत एकदम वर चढते. वास्तविक 1929 मध्ये सुमारे 104 अब्ज डॉलर असलेले हे उत्पादन 1933 पर्यंत सुमारे 57 अब्जांवर घसरले होते. परंतु ज्या आलेखाचे वरचे टोक पंचवीस हजार अब्जांच्याही पुढे गेले आहे, त्यात ही घसरण केसाएवढीही उरत नाही. चूक आलेखाची नव्हती, माझी होती. मांडणीच्या पर्यायांत लॉग मापन (ज्यात सारख्या टक्क्यांच्या चढउतारांना सारखीच उंची मिळते) निवडताच खड्डा स्पष्ट दिसू लागला.

फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतील सेंट लुइस येथील बँक ही सेवा चालवते. ती विनामूल्य आहे, आकडे पाहण्यासाठी वा उतरवून घेण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि तिच्यातील मालिकांची, म्हणजे एकेका गोष्टीच्या कालक्रमाने मांडलेल्या आकड्यांची, संख्या काही लाखांत आहे. या परीक्षणापुरता मी तिचा एकच उपयोग तपासला आहे: तीव्र मंदी सुरू कशी होते आणि ती सामान्य माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे या आकड्यांतून किती समजते?

सुरुवात कशी होते, हे उत्तम समजते. महामंदी म्हणजे ऑक्टोबर 1929 मधील शेअर बाजाराची पडझड, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मात्र औद्योगिक उत्पादनाची मासिक मालिका पाहिली, तर कारखान्यांचे उत्पादन त्या उन्हाळ्यातच शिखर गाठून उतरू लागले होते, असे दिसते. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या संशोधन संस्थेनेही आरंभ ऑगस्ट 1929 असाच धरला आहे. याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने, शेअर बाजारातील सट्ट्याला आवर घालण्यासाठी, आपला व्याजदर 5 वरून 6 टक्क्यांवर नेला होता. पडझड होण्यापूर्वीच अर्थव्यवस्थेचा वेग मंदावला होता, हे एका आलेखातून जितके लवकर पटते तितके अनेक पानांच्या विवेचनातूनही पटत नाही.

त्यानंतरचा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण नेहमीच्या मंदीची महामंदी झाली ती तिथे. नोव्हेंबर 1930 मध्ये 256 आणि डिसेंबरमध्ये 352 बँकांनी व्यवहार थांबवले; 1930 ते 1933 या चार वर्षांत बंद पडलेल्या बँकांची संख्या सुमारे 9,000 होती. ठेवींना तेव्हा देशव्यापी विम्याचे संरक्षण नव्हते, ते जानेवारी 1934 मध्ये आले आणि तेही आरंभी 2,500 डॉलरपर्यंतच. त्यामुळे ज्याने शेअर बाजाराचे तोंडही पाहिले नव्हते, त्याचीही आयुष्यभराची पुंजी बँकेच्या बंद दारामागे अडकली. ज्यांच्या बँका चालू होत्या, त्यांनी धास्तीने पैसे काढून घरात ठेवले, उरलेल्या बँकांनी कर्जे आखडती घेतली आणि चलनपुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला. किमती पडल्या, पण कर्जाचा आकडा जागचा हलला नाही. कापसाचेच पाहा: 1929 मध्ये पौंडाला सुमारे 17 सेंट मिळणारा भाव 1932 पर्यंत सहा-सात सेंटांवर आला होता. म्हणजे तोच हप्ता फेडण्यासाठी शेतकऱ्याला दुपटीहून अधिक कापूस विकावा लागत होता. स्वस्ताई ही ऋणकोसाठी किती महाग असते, हे किमतींच्या मालिकेशेजारी कर्जाची मालिका ठेवल्यावरच ध्यानात येते, आणि दोन मालिका एकाच आलेखात जोडण्याची सोय ‘फ्रेड’वर उत्तम आहे.

सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र सावधपणे वाचावे लागते. या आलेखांवर मंदीचा काळ करड्या पट्ट्यांनी दाखवलेला असतो. महामंदीचा पहिला पट्टा मार्च 1933 मध्ये संपतो. शिखरापासून तळापर्यंतचा काळ म्हणजे मंदी, अशी व्याख्या असल्यामुळे पट्टा तळाशीच संपणार, यात तांत्रिकदृष्ट्या काहीच वावगे नाही. पण त्याच वसंत ऋतूत बेकारी 25 टक्क्यांच्या पुढे होती. पट्ट्यानंतरची पांढरी जागा, जिला अर्थतज्ज्ञ विस्ताराचा काळ म्हणतात, ती चारपैकी एक कामकरी माणूस रिकामा बसलेला असताना सुरू होते. एका प्रचलित अंदाजानुसार 1940 मध्येही बेकारी 14 टक्क्यांहून अधिक होती, आणि मध्यंतरी 1937-38 चा दुसरा पट्टा येऊन गेला होता.

बेकारीच्या या आकड्यांनाही मर्यादा आहे. घरोघरी जाऊन मासिक पाहणी करण्याची पद्धत अमेरिकेत 1940 मध्ये सुरू झाली. त्याआधीचे आकडे हे अंदाज आहेत, आणि सरकारी मदतकार्यांवरील मजुरांना बेकार धरावे की नाही, यावरून त्यांत मोठा फरक पडतो. शिवाय ज्यांची नोकरी टिकली, पण तास कापले गेले, ते या मालिकेत येतच नाहीत. कारखान्यांतील कामाचा आठवडा 1929 मध्ये सरासरी 48 तासांचा होता, तो 1932 मध्ये 35 तासांच्या आसपास आला. उलटपक्षी, ज्याचे काम आणि पगार दोन्ही शाबूत राहिले, त्याची क्रयशक्ती या काळात वाढली. सरासरीत हे दोघेही एकाच रेघेवर बसतात.

ही उणीव त्याच बँकेच्या ‘फ्रेझर’ या जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहाने बरीच भरून निघते. फेडरल रिझर्व्हच्या तत्कालीन मासिक पत्रिका तिथे पूर्ण वाचता येतात. अमेरिकेच्या श्रम खात्यातील महिला विभागाचे अहवालही आहेत. शोधायला वेळ लागतो, जुन्या छपाईतील तक्ते डोळ्यांना थकवतात. तरीही बेकारीचा आलेख एका खिडकीत आणि 1931 मधील पत्रिकेतील बंद बँकांचा तक्ता दुसऱ्या खिडकीत उघडून वाचावा, अशी माझी शिफारस आहे.