‘एकटी कंटाळेल’ म्हणत दोन साप गळ्यात मारले

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. लेक अकरा वर्षांची. साप पाळायचाय म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. गावी आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ बोललीच नाही. इथे इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. बिनविषारी, शांत स्वभावाचा, नवख्या माणसाला झेपणारा. शेवटी गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही हो म्हटलं. पुढे जे झालं ते लिहायला मला इतके महिने लागले. इकडच्या मराठी घरांतली मुलं शाळेत कुणाचा तरी साप बघून येतात आणि हट्ट धरतात, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

ऑनलाइन जाहिरात बघून एका माणसाकडे गेलो. घरामागच्या शेडमध्ये त्याने पेट्या मांडल्या होत्या. बोलायला अगदी गोड. नारिंगी-लाल रंगाचं, हातभर लांबीचं पिल्लू त्याने लेकीच्या हातात दिलं आणि ती हरखून गेली. मग तो म्हणाला, ‘‘एकटी कंटाळेल हो ती. हिची बहीण आहे, दोघी एकत्रच वाढल्यात. वेगळ्या केल्या तर खाणं सोडतील.’’

बहीण म्हणून दाखवलेली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती. मी विचारलं, हिचा रंग असा कसा? म्हणाला, ‘‘हीपण कॉर्नच, फक्त रंगाचा प्रकार वेगळा.’’ कॉर्न स्नेकमध्ये करडा-काळा प्रकार असतो हे मी वाचलं होतं, त्यामुळे मला ते पटलं. अर्धवट माहिती असणाऱ्यालाच असं गंडवता येतं. आणि खरं सांगायचं तर ‘एकटी’ या शब्दाने मी विरघळले. आपल्याकडे एकटं माणूस म्हटलं की जीव तुटतोच. दोन साप, दोन फुटी काचेची टाकी, लाल वाळू आणि आतून तापणारा एक प्लॅस्टिकचा दगड, असे सगळे मिळून १९० पौंड रोख मोजले.

लेकीने नावं ठेवली केशर आणि पट्टेरी.

टाकीत लपायला एकच खोपटं होतं. दोघी त्यात एकमेकींवर वेटोळं घालून बसायच्या. लेक फोटो काढायची, आम्ही कौतुकाने आजी-आजोबांना पाठवायचो. ती माया नव्हती. लपायची जागा एक, ऊब एकाच कोपऱ्यात, मग दोघी तिथेच घुसणार. कॉर्न स्नेकला सोबत लागत नाही. तो त्रासात असला तरी ओरडत नाही, फक्त खाणं सोडतो. केशरने दोन वेळा उंदीर तोंडात घेतला नाही. मी त्या माणसाला मेसेज केला. उत्तर आलं, ‘‘नवीन घर आहे, रुळेल.’’

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी टाकीत एकच साप दिसला. केशर निसटली असं वाटून आम्ही सोफा सरकवला, रेडिएटरच्या मागे टॉर्च मारला. लेक मात्र टाकीसमोरच उभी होती. पट्टेरी वेटोळं न घालता वाळूवर लांबच लांब पसरली होती, अंग मधोमध फुगलेलं. तोंडाच्या कोपऱ्यातून बोटाच्या पेराएवढं नारिंगी शेपूट बाहेर होतं. आम्ही बघत असतानाच ते आत गेलं. त्या दिवशी लेक रात्रीपर्यंत जेवली नाही.

पट्टेरी म्हणजे कॅलिफोर्निया किंग स्नेक, हे सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने (व्हेटने) पाहताक्षणीच सांगितलं. किंग स्नेक दुसऱ्या सापांना खातो, रॅटलस्नेकलासुद्धा. त्याच्या पेटीत दुसरा साप सोडणं म्हणजे त्याचं ताट वाढणं. पट्टेरीच्या पोटाखालच्या खवल्यांवर भाजल्याचे डाग होते. घरी येऊन त्या दगडाचं तापमान मोजलं तर ४७ अंश. थर्मोस्टॅट नव्हताच. पोटाला चटका बसत असतानाही साप पुष्कळदा तिथून हलत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘‘मी दुकानदार नाही, ही खासगी विक्री होती.’’ मग नंबर ब्लॉक. ‘खासगी’ हा शब्द त्याने विचार करूनच वापरला होता. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष किंवा सांगितल्यासारखा नसलेला माल ३० दिवसांत परत करता येतो, पण तो व्यापाऱ्याकडून घेतला असेल तरच. पाळीव प्राणी विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे २०१८च्या नियमांप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि जाहिरातीत परवान्याचा क्रमांक द्यावा लागतो. त्याच्या एकाही जाहिरातीत तो नव्हता, आणि एका महिन्यात मी त्याच्या चौदा जाहिराती मोजल्या. स्क्रीनशॉट काढून कौन्सिलकडे तक्रार केली. पैसे गेले ते गेलेच.

तेव्हाच २००६चा प्राणीकल्याण कायदा वाचला. त्यात मालकाने प्राण्याच्या कोणत्या गरजा भागवायच्या ते दिलंय. त्यातली एक म्हणजे प्राण्याला इतरांसोबत किंवा इतरांपासून वेगळं ठेवणं. हे कलम आधी वाचलं असतं तर केशर आज असती.

पट्टेरी आमच्याकडेच आहे. तिचा यात काहीच दोष नाही. आता ती चार फुटी लाकडी व्हिव्हेरियममध्ये, म्हणजे साप पाळायच्या पेटीत असते, पुढे सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप. पेटीत साप पूर्ण सरळ पसरू शकला पाहिजे, हा अंदाज धरला की दोन फुटी टाकी किती तोकडी होती ते समजतं. एका टोकाला ऊब, ३० अंशांच्या आसपास, दुसरं टोक २२-२४ अंशांवर. दोन्हीकडे लपायला जागा, नाहीतर ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं. हीटर थर्मोस्टॅटवर, आणि साप त्याला चिकटू नये म्हणून त्याभोवती जाळी. अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं. खाली ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा. सीडरचा भुसा कुणी दिला तर घेऊ नका, तो सापाला विषारी असतो.

लेकीने या जानेवारीत पुन्हा कॉर्न घेतला, परवाना असलेल्या दुकानातून. पहिले तीन महिने त्याची पेटी वेगळ्या खोलीत होती, म्हणजे अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक परजीवी) असलेच तर पट्टेरीपर्यंत जाऊ नयेत. खाणं द्यायचे चिमटे वेगळे. त्याला हाताळलं की साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टेरीला हात लावायचा नाही, कारण हाताला दुसऱ्या सापाचा वास असेल तर ती हातालाच भक्ष्य समजेल. लेकीने हे कागदावर लिहून दारावर चिकटवलंय.

पुण्या-मुंबईत हे वाचत असाल तर तिथला कायदा वेगळा आहे. धामण, मांडूळ, अजगर असले देशी साप १९७२च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवताच येत नाहीत. बॉल पायथॉनसारखे परदेशी साप साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत आणि त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गेल्या आठवड्यात त्या माणसाची जाहिरात पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने. शेड तीच, मागची हिरवी बादलीही तीच. ‘जोडी, एकत्र वाढलेली, वेगळी विकणार नाही.’ फोटोत एक नारिंगी, एक काळा-पांढरा. मी कौन्सिलला लगेच कळवलंय.