टबाचा निचरा: छपरापर्यंत व्हेंट की भिंतीतला व्हॉल्व्ह?

टब बसवताना सारे लक्ष टबाची लांबी, नळांची जागा आणि टाइल्स यांकडे असते. टबाखालच्या पाइपला हवा कोठून मिळणार हा प्रश्न बहुधा जमीन बुजवण्याच्या आदल्या दिवशी उभा राहतो. तेव्हा दोन मार्ग समोर असतात. ट्रॅपच्या, म्हणजे गटाराचा वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाच्या, पुढून एक उभा पाइप (व्हेंट) काढून तो छपराच्या वर उघड्या हवेत सोडणे हा पहिला मार्ग. आणि त्याच पाइपचा आखूड तुकडा भिंतीत ठेवून त्याच्या टोकावर एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह, म्हणजे हवा फक्त आत घेणारी झडप, बसवणे हा दुसरा. एकाच स्नानगृहात, काही वर्षांच्या अंतराने, मी दोन्ही करून पाहिले आहेत. मोजमापाची साधने माझ्यापाशी नव्हती. जे लिहितो आहे ते कानांना ऐकू आले आणि नाकाला जाणवले त्याच्या आधारावर.

मार्ग कोणताही निवडला तरी व्हेंट जोडण्याची जागा बदलत नाही, आणि बहुतेकांची चूक तेथेच होते. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या आडव्या पाइपचा एकूण उतार पाइपच्या व्यासाहून अधिक झाला, तर व्हेंटचे तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या काठाच्या पातळीखाली जाते आणि हवेची वाट बंद होते. दीड इंची पाइपला फुटामागे पाव इंच ढाळ दिला, तर हिशेबाने हे अंतर ६ फूट येते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या दोन नियमावल्यांपैकी इंटरनॅशनल प्लंबिंग कोड तेवढेच अंतर मान्य करतो, तर युनिफॉर्म प्लंबिंग कोड अधिक सावध असून साडेतीन फुटांवर थांबतो. लवकर निचरा व्हावा म्हणून ढाळ वाढवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करावा. ढाळ दुप्पट केला की हे अंतर निम्मे होते.

टबाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. टबाचा तळ सपाट असल्यामुळे निचऱ्याच्या अखेरीस पाणी झिरपत झिरपत येते आणि ट्रॅप पुन्हा भरून जातो, त्यामुळे टब स्वतःच्याच ओढीने आपला ट्रॅप रिकामा करील असा प्रसंग बेसिनच्या मानाने कमी येतो. खरा धोका शेजाऱ्यांकडून असतो. कमोडचा फ्लश खाली जाताना मागे जी ओढ निर्माण होते, ती टबाच्या ट्रॅपमधले पाणी खेचून नेते. माझ्या घरी व्हेंट नव्हता त्या दिवसांत फ्लश केला की टबाच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असे, आणि आम्ही बरेच दिवस तो पाण्याच्या टाकीचा आवाज समजत होतो.

पहिल्या खेपेस मी व्हॉल्व्ह निवडला. वर एक मजला होता, छप्पर फोडावे लागणार नव्हते, आणि संपूर्ण काम अर्ध्या दिवसात उरकले. गुडगुड त्याच दिवशी थांबली, हे कबूल केले पाहिजे. व्हॉल्व्हच्या अटीही फारशा कठीण नाहीत: ज्या आडव्या पाइपला तो हवा देतो त्याच्या निदान ४ इंच वर तो असावा, उभा असावा, त्याच्यापर्यंत हवा पोहोचावी आणि हातही पोहोचावा. घरात कोठे तरी एक व्हेंट उघड्या हवेत गेलेला असावा लागतो, कारण हा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही; पाइपमध्ये उलटा दाब आला तर तो निरुपयोगी ठरतो. युनिफॉर्म प्लंबिंग कोड जेथे लागू आहे तेथे स्थानिक अधिकाऱ्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते, हेही आधी पाहून घ्यावे.

मला व्हॉल्व्हने बेजार केले ते त्याच्या बिघाडाने नव्हे, त्याच्यावरच्या संशयाने. दुसऱ्या वर्षी स्नानगृहात पहाटेच्या वेळी मंद दुर्गंधी येऊ लागली. व्हॉल्व्हपर्यंत हात जावा म्हणून भिंतीत ठेवलेले दार टॉवेलांच्या कपाटामागे होते. म्हणून कपाट रिकामे केले, ते सरकवले, चार स्क्रू काढले आणि व्हॉल्व्ह हातात घेतला. रबराच्या चकतीवर कापसासारखी धूळ बसली होती आणि ती पूर्ण टेकत नव्हती. पुसून परत बसवला, वास गेला. काही महिन्यांनी वास पुन्हा आला, पुन्हा कपाट रिकामे केले, आणि चकती स्वच्छ निघाली. दोष जमिनीवरच्या, फारसे पाणी न जाणाऱ्या ट्रॅपचा होता, तो कोरडा पडला होता. तिसऱ्या वेळीही तेच. म्हणजे व्हॉल्व्ह तीनपैकी एकदाच दोषी होता, परंतु झडती प्रत्येक वेळी त्याचीच झाली, कारण बंद असताना तो खरोखर बंद आहे की नाही हे बाहेरून कळण्यास मार्ग नाही. कपाट मी इतरत्र ठेवले असते तर कदाचित आजही तो व्हॉल्व्ह जागेवर असता. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

टाइल्स बदलायची वेळ आली तेव्हा मी उभा पाइप छपरापर्यंत नेला. त्याची किंमत वरच्या खोलीने मोजली: तेथील एक कोपरा पाइप झाकणाऱ्या पेटीने अडवला आहे, आणि त्यामुळे एक पुस्तकांचे शेल्फ भिंतीला टेकत नाही. छपराला भोक पाडणे हाही जिवावरचा खेळ आहे. पाइपभोवतीची चौकट नीट बसली नाही तर निचऱ्याची अडचण मिटवताना गळतीची ओढवून घ्याल. पाइप छपराच्या वर निदान ६ इंच, आणि छपरावर माणसांची ये-जा असेल तर ७ फूट काढावा लागतो. शिवाय टबाच्या काठाच्या ६ इंच वर जाईपर्यंत त्याला कोठेही आडवे वळवता येत नाही, म्हणून खिडकी किंवा तुळई मध्ये आली तर आखणी मुळापासून बदलते. माझ्या भिंतीत सुदैवाने दोन्ही नव्हत्या.

त्यानंतर मात्र या पाइपचा मला विसर पडला आहे. त्यात हलणारा भाग नाही, रबर नाही, आणि वास आला तर मी सरळ जमिनीवरच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओततो. टब रिकामा होण्याचा वेगही थोडा वाढल्यासारखा वाटतो. तथापि ट्रॅप त्याच वेळी साफ केला होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही.

वर दुसऱ्याचे घर असेल, किंवा कडाक्याच्या थंडीत व्हेंटचे तोंड बर्फाने बुजण्याचा धोका असेल, तर व्हॉल्व्ह हीच समंजस निवड ठरू शकते. फक्त त्याचे दार अशा ठिकाणी ठेवावे जेथे पुढे कधीही कपाट येणार नाही, आणि भिंत बंद करण्यापूर्वी तो एकदा स्वतःच्या हाताने फिरवून काढून, परत बसवून पाहावा.