कॉलेज निवडताना एनआयआरएफचं माहितीपत्रक वापरलं, त्याचा अनुभव

भोरच्या ताईची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. बीएस्सी पुण्यात करायचं आणि राहायचं माझ्याकडे धनकवडीला, हे आधीपासूनच ठरलेलं. कॉलेज कोणतं ते ठरवायचं काम मात्र माझ्यावर आलं. मी पतसंस्थेत २२ वर्षं हिशेब बघते. ताळेबंद हातात दिला तर कुठे बोट ठेवायचं ते कळतं, पण कॉलेजच्या बाबतीत कुठून सुरुवात करायची हेच सुचत नव्हतं. आमच्या शाखेत खातं असलेले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, माहितीपुस्तिका राहू द्या. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ असं लिहिलेलं शोधा आणि तिथली पीडीएफ उतरवून घ्या." आम्ही तशा पाच कॉलेजांच्या पीडीएफ उतरवल्या. प्रवेशाच्या धावपळीत असलेल्या पालकांसाठी हे लिहिते आहे.

एनआयआरएफ म्हणजे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची कॉलेजं आणि विद्यापीठांची क्रमवारी. २०१५ मध्ये ती जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. पेपरात छापून येतो तो क्रमांक. मला उपयोग झाला तो त्यामागच्या कागदाचा. क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थेने जी माहिती भरून दिली, ती तिला स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. त्यामुळे यादीत नाव नसलेल्या कॉलेजचाही कागद मिळू शकतो. फक्त तो बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी असतो. पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही.

त्यातला सगळ्यात मोलाचा तक्ता तीन वर्षांच्या पदवीचा. एका ओळीत एक तुकडी. पहिल्या वर्षाला किती मुलं घेतली, त्यातली किती ठरलेल्या मुदतीत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक किती. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना त्याहून कमी. ही रक्कम चेकवर लिहितात तशी आकड्यात आणि अक्षरातही असते. ते पाहून मला कागदाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

आता जे घडलं ते सांगते. एका कॉलेजच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता, "१०० टक्के प्लेसमेंट". भाची तिथेच पाघळली होती. घरी येऊन त्यांचं पत्रक उघडलं. पहिल्या वर्षाला घेतलेली मुलं १८०. मुदतीत पास ९७. नोकरीला लागलेली २१. पुढे शिकायला गेलेली ३४. दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन खिडकीवरच्या बाईंना सरळ विचारलं, शंभर टक्के कशातले? त्यांनी न चिडता सांगितलं की प्लेसमेंट सेलकडे नावं दिलेल्या मुलांपैकी. म्हणजे अंश तोच, छेद मात्र आपल्या सोयीचा. आमच्याकडे कोणी वसुलीची टक्केवारी अशी काढून आणली असती, तर मी कागद परत पाठवला असता. हा प्रकार मला फार लागला. मुलगी १८ वर्षांची, तिची तीन वर्षं जाणार, ताईच्या घरचे पैसे जाणार.

न्यायाने हेही सांगायला हवं की १८० मधले जे ८३ मुदतीत पास झाले नाहीत, ते सगळे काही नापास नव्हेत. कोणी इंजिनीअरिंगला जागा मिळाली म्हणून सोडून जातं, कोणाची एटीकेटी राहते, कोणी लग्न होऊन जातं. पत्रक कारण सांगत नाही. पण तीन तुकड्यांच्या तीन ओळी एकाखाली एक असतात. तिन्हींमध्ये निम्मीच मुलं पुढे सरकत असतील, तर विचारायला आपल्याकडे प्रश्न तयार असतो.

शिक्षकांची यादीही बघा. वय, पदवी, महिन्यांत मोजलेला अनुभव, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक कायम की कंत्राटी, सगळं ओळीने दिलेलं असतं. पाचातल्या एका कॉलेजात आम्हाला हव्या त्या विषयाचे बहुतेक शिक्षक त्याच वर्षीच्या जुलैत रुजू झालेले होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, त्यातले कित्येक जीव तोडून शिकवतात. पण दरवर्षी अख्खा विभाग बदलत असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मुलीला ओळखणारं कोण उरणार? शिवाय किती मुलांना पूर्ण फी परत मिळाली, पुस्तकांवर आणि प्रयोगशाळेवर किती खर्च झाला, हेही पत्रकात आहे. ताईने फीचा रकाना दोनदा वाचून घेतला.

उणीव एकच, पण मोठी. ही सगळी माहिती कॉलेजने स्वतः भरलेली. आणि क्रमवारीत १० टक्के गुण नुसत्या लौकिकाचे असतात, त्यामुळे जुन्या नावाचं पारडं जड होतं. म्हणून क्रमांक बाजूला ठेवून रकानेच वाचावेत.

कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी संस्था म्हणजे नॅक, तिच्या श्रेणीबद्दल थोडक्यात. श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी मिळते, त्यामुळे पाटीवरचं अक्षर कोणत्या सालचं ते बघावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली, तेव्हापासून नुसत्या अक्षरावर माझा विश्वास बसत नाही. भेट देऊन गेलेल्या समितीचा अहवाल मिळाला तर त्यातलं त्रुटींचं प्रकरण आधी वाचा.

एवढं झाल्यावर मला देशाचाच हिशेब बघावासा वाटला. तो आयशेमध्ये, म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात मिळतो. २०१०-११ पासून कॉलेजं आणि विद्यापीठं त्यासाठी आपापली माहिती भरतात. २०२१-२२ च्या अहवालात ४.३३ कोटी विद्यार्थी आहेत आणि एकूण नोंदणीचं प्रमाण २८.४. म्हणजे १८ ते २३ वयाची १०० मुलं धरली, तर त्यामागे उच्च शिक्षणात २८ जण. मात्र अंशात मोजलेले विद्यार्थी कोणत्याही वयाचे असू शकतात.

इथेही मी खालचा आकडा, म्हणजे छेद, शोधला. २०१९-२० चं प्रमाण आधी २७.१ छापलं होतं. पुढे २०११ च्या जनगणनेवरून काढलेला लोकसंख्येचा अंदाज वापरला, तेव्हा त्याच वर्षाचं प्रमाण २५.६ झालं. एकही मूल कमी झालेलं नाही, बदलला तो फक्त छेद. सरकारने नवा आकडा उघडपणे सांगितला, हे मला फ्लेक्सपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटलं. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही खालचा आकडा मोजलेला नाही, अंदाजाचा आहे. आणि २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० वर न्यायचं, असं २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. शिवाय २०२१-२२ चा अहवाल हातात आला तो जानेवारी २०२४ मध्ये. तोवर त्या साली दाखल झालेली मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेली. एवढ्या मोठ्या कामाला उशीर होणार हे समजतं, तरी तो कमी व्हायला हवा.

पत्रकाला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो बाहेरच्या कोणी खातरजमा केल्याची खूण कागदावर कुठेही दिसत नाही म्हणून.

शेवटी आम्ही निवडलेल्या कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स नाही. त्यांच्या पत्रकात १२० घेतलेले, ८८ मुदतीत पास, आणि संख्याशास्त्राच्या एक बाई १९९८ पासून तिथेच. पगाराचा आकडा साधाच आहे. धनकवडीहून एका बसने जाता येतं.

पहिल्या दिवशी भाची संध्याकाळी घरी आली, पाणीसुद्धा न पिता वही उघडून बसली आणि म्हणाली, "मावशी, हजेरीला ७२ नावं घेतली. लिहून ठेवलंय मी."