एका पीसीत पाच ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

लग्नांचे आणि छोट्यामोठ्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी घरीच एडिट करतो, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर. गेल्या दिवाळीत पीसी नवा जोडला: रायझन 5 5600, बी550 बोर्ड, 32 जीबी रॅम. जुन्या डिस्क चालू होत्या, टाकून देववेनात, म्हणून त्याही आत बसवल्या. विंडोज आणि सॉफ्टवेअर 500 जीबीच्या एनव्हीएमईवर (थेट बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची ड्राइव्ह), चालू काम 1 टीबीच्या दुसऱ्या एनव्हीएमईवर, कॅशसाठी (सॉफ्टवेअर बनवतं त्या तात्पुरत्या फाइलींसाठी) जुनी 480 जीबीची सॅटा, म्हणजे केबलने जोडायची, एसएसडी, झालेल्या कामासाठी 4 टीबीची 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेरे मारणारी) हार्ड डिस्क, आणि एक्स्पोर्टसाठी 2 टीबीची आणखी एक.

ही विभागणी म्हणजे ठरलेला जुना सल्ला: विंडोज, फुटेज, कॅश आणि एक्स्पोर्ट, प्रत्येकाला स्वतंत्र ड्राइव्ह. फिरत्या डिस्कच्या काळात तो अगदी बरोबर होता. आज त्यातला निम्माच कामाचा उरलाय.

तो सल्ला आला कुठून ते आधी सांगतो, म्हणजे कुठे लागू होतो तेही कळेल. 7200 आरपीएमच्या डिस्कला अर्धा फेरा मारायला सुमारे 4.2 मिलिसेकंद लागतात, वाचणारं हेड योग्य जागी सरकायला आणखी 8-9. म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जायच्या दर उडीला 12-13 मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम 75-80 उड्या. माझं 4के फुटेज 100 मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला फक्त 12.5 एमबी. तीन कॅमेरे धरले तरी 37-38 एमबी झाले, आणि डिस्क सलग वाचताना 180 सहज देते. कागदावर अडचण काहीच नाही. प्रत्यक्षात मंगलाष्टकांचा तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम हार्ड डिस्कवरून चालवून बघा. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) पुढेमागे ओढला की डिस्क करकरते आणि चित्र अडखळतं. वेग कमी पडत नाही, हेड बिचारं तीन ठिकाणी पळून दमतं. त्याच वेळी त्याच डिस्कवर काही कॉपी होत असेल तर मग विचारूच नका. एका डिस्कची दोन पार्टिशन करूनही फरक पडत नाही, उलट हेडला लांबचा पल्ला पडतो.

एनव्हीएमईवर तेच फुटेज टाकलं की हा विषयच संपतो. तिथे हेड नाही, उडीला वेळ जवळपास लागत नाही, आणि वाचन-लेखन एकदम चाललं तरी निदान माझ्या कामात काही जाणवत नाही. सगळ्या बदलात खरा फायदा हाच एक: चालू प्रोजेक्ट एनव्हीएमईवर आणणं.

एक्स्पोर्टची वेगळी डिस्क मात्र निव्वळ समजूत निघाली. 40 मेगाबिटची एच.264 फाइल म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला 5 एमबी. एक्स्पोर्ट दुपटीने धावला तरी 10 एमबी, तेवढं कुठलीही डिस्क झोपेत लिहील. वेळ जातो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात. एकच टाइमलाइन दोन्हीकडे एक्स्पोर्ट करून पाहिली, फरक शोधून सापडला नाही.

कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करतानाही तसंच. यूएचएस-1 प्रकारच्या कार्डाची मर्यादाच सेकंदाला 104 एमबीची, हाती पडतात 90 च्या आसपास. 128 जीबीचं कार्ड पंचवीसेक मिनिटं घेणारच, मग समोर 3500 ची एनव्हीएमई असो की हार्ड डिस्क. फक्त दोन कार्डं एकदम लावलीत तर हार्ड डिस्कवर नको, पुन्हा तीच उड्यांची भानगड.

आता कॅश. रिझॉल्व्हची रेंडर कॅश डीएनएक्सएचआर एचक्यू या फॉरमॅटमध्ये ठेवली की यूएचडी (4के) 25 फ्रेमला सेकंदाला 80-90 एमबी लिहिले जातात. सॅटा एसएसडी म्हणजे 500 च्या वर वेग, त्यामुळे तिला जड जाऊ नये. सुरुवातीला गेलंही नाही. पण स्वस्तातली, डीरॅम (स्वतःची छोटी मेमरी) नसलेली एसएसडी आधी स्वतःच्या वेगवान एसएलसी पट्ट्यात लिहून घेते, आणि तो भरला की खऱ्या वेगावर येते. त्यात ड्राइव्ह भरत आली की तो पट्टाही आखडतो. लग्नसराईत, 480 पैकी साठेक जीबीच उरले असताना टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो. लेखन 400 वरून थेट 70-80 वर आलं, वर ‘अॅक्टिव्ह टाइम’ 100 टक्के. प्लेबॅकही त्याच ड्राइव्हवरून होत असल्याने टाइमलाइन गचके खाऊ लागली. कॅश 1 टीबीच्या एनव्हीएमईवर, फुटेजच्या शेजारीच हलवली आणि गचके थांबले. म्हणजे ‘वेगळी’ ड्राइव्ह ही ‘चांगली’ ड्राइव्ह असेलच असं नाही. एनव्हीएमईलाही हा पट्टा असतोच, म्हणून मी तिथे पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवतो.

बसवताना दोन गोष्टी बघून घ्या. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.2 स्लॉटमध्ये (एनव्हीएमई बसते तो) ड्राइव्ह लावली की ठरावीक सॅटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलच्या एका ओळीत ते लिहिलेलं असतं. डिस्क दिसत नाही म्हणून दुकानात पळण्याआधी केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. दुसरं, विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. इन्स्टॉलर बूट पार्टिशन कधीकधी भलत्याच डिस्कवर करतो. माझ्या मावसभावाच्या पीसीत ते जुन्या हार्ड डिस्कवर होतं. डिस्क गेली आणि नव्याकोऱ्या एसएसडीवरचं विंडोज सुरूच होईना. ‘दादा, विंडोज तर एसएसडीवर आहे ना?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता.

रोजच्या वापरातला वैताग वेगळाच. पॉवर प्लॅनमध्ये 20 मिनिटांनी डिस्क झोपवायची मूळ सेटिंग असते. मग फाइल सेव्ह करायची डी ड्राइव्हवर आणि विंडो थिजते, कारण झोपलेली हार्ड डिस्क आधी फिरायला लागायला हवी. आठ-दहा सेकंद नुसतं बघत बसायचं. दिवसभर काम असेल तेव्हा मी ती सेटिंग बंद ठेवतो. साठ्याच्या डिस्कचं सर्च इंडेक्सिंगही काढून टाकलं. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) दुसऱ्या डिस्कवर हलवायचा सल्ला अजूनही कुणीकुणी देतं. विंडोज एसएसडीवर असताना पेजफाइल हार्ड डिस्कवर नेणं म्हणजे हौसेने पीसी मंद करणं.

आम्ही नागपूरचे, तेव्हा उन्हाळ्याबद्दल बोलायलाच हवं. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे, घरात कूलर. दोन हार्ड डिस्क एकीवर एक, लागून बसवल्या होत्या. वरची 50 च्या पुढे जात होती. मध्ये एक खण रिकामा सोडला, समोर 120 मिमीचा पंखा लावला, आता 42-43 ला असते. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, धूळ चिकटून बसते.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो महिन्यातून एकदा उघडतोच. त्यातले 05 (बदललेले खराब सेक्टर) आणि सी5 (संशयित सेक्टर) हे आकडे वाढले तर डिस्क जायला लागली असं समजायचं. माझ्याकडे सी7 वाढत होता, म्हणजे सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना होणारी चूक), म्हणजे बहुधा केबल. शंभर-दीडशे रुपयांची नवी केबल लावली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. तो मागे जात नाही, त्याने घाबरू नका.

बॅकअप या पाचांत कुठेच नाही. तो 4 टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर, आणि ती एरवी काढून कपाटात. एकाच एसएमपीएसवर (पीसीला वीज देणारा डबा), एकाच विजेच्या झटक्यात सापडणाऱ्या दोन प्रती मी दोन धरत नाही.

आता आत तीनच ठेवल्या आहेत: दोन एनव्हीएमई आणि 4 टीबीची हार्ड डिस्क. 2 टीबीवाली काढली, आवाजही कमी झाला. सॅटा एसएसडी आईच्या जुन्या लॅपटॉपमध्ये गेली. पुढची खरेदी 2 टीबीची एनव्हीएमई, तीही डीरॅमवाली आणि टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या) चिपची. पीसीआयई 4 ची 7000 एमबीवाली घेण्यासाठी जास्तीचे पैसे मात्र मोजणार नाही. माझ्या टाइमलाइनला त्यातले 200 सुद्धा क्वचितच लागतात.