काटा बरोबर होता, वजन खोटं होतं

कापूस विकताना काटा मारला तर आम्हा चोपड्याकडच्या लोकांना लगेच कळतं. इथे काट्यात खोट नव्हती, म्हणून फसले.

मला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे. शेजारणी ‘कातडी आवळायचा आजार’ म्हणतात. कातडी दिसते, आतलं दिसत नाही. तोंड पुरतं उघडत नाही, भाकरीचा घास छातीत अडकतो, जेवून आडवं झालं की आंबट पाणी वर येतं. सासूबाई विचारायच्या, “जेवत का नही?” मी म्हणायचे, “घास गयामा अटकस.” वर्षभरात बावन्न किलोची एकोणचाळीस झाले. कळण्याची भाकरी तर विसरलेच.

तेव्हा नात्यातल्या कुणीतरी ‘त्या भाऊं’चं नाव सांगितलं. साधं चूर्ण, पुडीवर नाव नाही, लेबल नाही. महिन्याचे 6,800 रुपये. बिल मागितलं तर म्हणाले, “ताई, जडीबुटीला कसलं बिल?” दर रविवारी ते स्वतःचा काटा घेऊन यायचे. दुसऱ्या आठवड्यात दोन किलो वाढले. भूकही लागली, सांधे मोकळे झाले. मी तर चार जणींना त्यांचा नंबर दिला. त्याची लाज अजून जात नाही.

सहाव्या आठवड्यात तोंड गोल झालं, पाय दाबला की खड्डा राहायचा. मग डोकं इतकं दुखायला लागलं की यांनी तडक दवाखान्यात नेलं. बीपी 190/110. तिथून रातोरात जळगाव. डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि पहिला संशय स्टेरॉईडचा घेतला. या आजारात स्टेरॉईडचा मोठा डोस किडनीवर उलटू शकतो, बीपी एकाएकी चढतो. माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलंच होतं. वाढलेले किलो म्हणजे बरंचसं अंगात साठलेलं पाणी. बीपीची गोळी लगेच सुरू झाली. चूर्ण मात्र डॉक्टरांनी मला माझ्या मनाने एकदम बंद करू दिलं नाही. स्टेरॉईड झटक्यात तोडलं तरी धोका असतो, म्हणून चूर्णाच्या जागी स्टेरॉईडच्याच मोजून गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू उतरवल्या.

वजन का घटत होतं, ते त्यानंतर कळलं. अन्ननलिका आणि आतडं नीट हालत नाही, अन्न साचतं, जंतू वाढतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट फुगणं, तेलकट जुलाब त्याचेच. जंतूंसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, ॲसिडची गोळी जेवणाआधी. पोट साफ होईल म्हणून शेजारून आलेला इसबगोल बंद केला. त्याने मी जास्तच फुगायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला ठरवून दिलं: तूप घातलेली मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, वरणात भिजवलेली भाकरी. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. वांग्याचं भरीत अजून खाते, पण मिरची नावाला.

वजन आता त्रेचाळीस आहे, पायाला सूज नाही. तुमच्याकडे अशी बिनलेबलची पुडी असेल तर एक शिल्लक ठेवा, डॉक्टरांना दाखवा, बीपी त्याच दिवशी मोजून घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मी पुडी जपून ठेवली आहे; भाऊंचा नंबर मात्र बंद आहे.

परवा बाजारात कुणीतरी म्हणालं, ते आता शुगरवाल्यांना चूर्ण देतात.