चेनसॉला धार लावायचं किट, चार महिने वापरून

चार महिने वापरतोय हे किट, आता लिहायला हरकत नाही. डब्यात एक गोल कानस, ती बसवायची पत्र्याची गाईड, एक चपटी कानस, एक मापाची पट्टी आणि ओंडक्यात ठोकून बसवायचा छोटा शिकंजा येतो.

आधी रडगाणं. माझ्या मशीनला ३/८ लो प्रोफाइल चेन आहे (३/८ इंच हा पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, आणि लो प्रोफाइल म्हणजे बुटकी), तिला ४ मिमीची कानस लागते, आणि डब्यात निघाली ४.८ची, जी .३२५ पिचला चालते. डब्यावर मात्र छापलंय 'सर्व चेनसाठी'. असं काही नसतं हो! मी पण शहाणा, न मोजता अर्धी चेन घासून मोकळा झालो. जाड कानस दाताच्या पोटात उतरतच नाही, वरवर घासते आणि कड मागे कलते, म्हणजे धार लावून मशीन आधीपेक्षा बोथट. लाकडातून चांगले छिलके पडायच्या ऐवजी पिठासारखा भुसा यायला लागला तेव्हा कळलं. ४ची कानस वेगळी आणली, चेन परत सुरुवातीपासून घासली.

दुसरं म्हणजे कानशीला मूठच नाही!! मागचं टोकदार शेपूट सरळ तळहातात टोचतं. पहिल्याच दिवशी कानस सटकली आणि बोटाचं पेर पुढच्या दातावर गेलं, हातमोजा फाटला, बोट वाचलं. थांबलेली चेन पण कापते हे तेव्हा पटलं. माहितीपत्रकात सेफ्टीबद्दल एक ओळ नाही, म्हणून सांगतो, आधी मशीन बंद, गार होऊ द्या, स्पार्क प्लगची कॅप काढा (बॅटरीवालं असेल तर बॅटरी बाहेर), घासताना चेन ब्रेक (चेन जागेवर अडवणारा) लावलेला आणि चेन पुढे सरकवायची असेल तेव्हाच सोडायचा, जाड हातमोजे तर हवेतच.

आता चांगलं. गाईड एक नंबर. तिच्यावरची ३० डिग्रीची रेघ बारला (चेन ज्याच्यावरून फिरते ते लांब पातं) समांतर धरली की कोन आपोआप येतो, आणि कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहतो, तेवढाच पाहिजे. घासायचं फक्त पुढे ढकलताना, परत आणताना उचलायची, प्रत्येक दाताला सारखेच हात, तीन तर तीन. मी आधी उजव्या बाजूला जोर जास्त लावायचो, एका बाजूचे दात आखूड झाले आणि कट सरळ जायचाच नाही, तिरका पळायचा. गाईड आल्यापासून ते बंद.

मापाची पट्टी लोक फेकून देतात, फेकू नका. दाताच्या पुढे जो बुटका उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली लागतो, पट्टीच्या वर आला तेवढाच चपट्या कानशीने काढायचा. जास्त काढलात तर दात लाकूड ओरबाडून धरतो आणि मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. घाईत हे अंदाजाने करू नका प्लीज.

शिकंजा छान घट्ट बसतो, बार जराही हलत नाही. घासून झाल्यावर चेनचा ताण मी गार असतानाच बघतो, खालून ओढली तर चेन हलली पाहिजे पण आतल्या कड्या खाचेतून बाहेर यायला नकोत.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर आधी चेनचा पिच बघा आणि मूठ वेगळी घ्या.