फॉरमॅट की आहे त्यावरच अपग्रेड? मराठीत काम होणाऱ्या घरच्या कॉम्प्युटरसाठी

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि त्याच दिवाळीत आमच्या घरातले दोन कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले. माझा डेस्कटॉप फॉरमॅट मारून, अगदी कोरा करून. ताईचा मात्र आहे त्यावरच सेटअप चालवून. दोन्ही साधारण एकाच वयाचे, दोन्हींत एसएसडी, दोन्हींवर मराठी काम भरपूर. ताई घरी बसून लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायटीचे अहवाल लावून देते; मी हिशेबाची कामं करतो आणि घरातली जुनी कागदपत्रं सांभाळतो. आता चार-पाच महिने झाले. अशी जोडी सहसा शेजारी शेजारी बघायला मिळत नाही, म्हणून लिहितो आहे. तुमचं मशीन विंडोज ११ ला चालतं की नाही हे तुम्ही तपासलं आहे, असं धरून चालतो. जायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

आधी फॉरमॅटची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. दुरुस्ती करणारा मुलगा मला म्हणाला होता, "काका, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल." आणि पळाला. पहिला महिनाभर बटण दाबून हातातला चहा खाली ठेवेपर्यंत डेस्कटॉप समोर यायचा. मग हळूहळू प्रिंटर आला, स्कॅनर आला, टॅली आलं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आला, आधी होतं ते सगळं परत चढलं. आज दोन्ही मशीनवर आलटून पालटून बसलो तर वेगातला फरक मला सांगता येत नाही. घड्याळ लावून मोजलेलं नाही, रोजच्या वापरावरून सांगतो. ताईच्या मशीनवर जुना पसारा तसाच सोबत आला, हेही खरं. चार वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरचं नाव अजून यादीत दिसतं. पण त्याने तिचं काही अडत नाही.

काही ठिकाणी तर फॉरमॅटला पर्यायच नसतो. तुमचं विंडोज १० जर ३२ बिटचं असेल, तर विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येत असल्याने आहे त्यावर चढवता येणारच नाही. मशीनमध्ये व्हायरस शिरल्याची शंका असेल, दिवसातून दोनदा हँग होत असेल, किंवा ते दुसऱ्याकडून विकत घेतलेलं असेल, तर मीही कोरं करूनच घेईन. तेवढं सोडून बाकी बहुतेक घरांसाठी माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण एकच आहे: फॉन्ट.

नाना, म्हणजे आमचे वडील, २००७ पासून गावाकडच्या आठवणी टाइप करत आले आहेत. विहिरी कुठल्या वर्षी कुणी खोदल्या, यात्रेचा मान कुणाकडे होता, कोणत्या घरातून कोण कुठल्या पलटणीत गेलं. दोनशेच्या वर पानं, सगळी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये. युनिकोड नव्हे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी आजची पद्धत नव्हे. ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं आहे त्यांना हे माहीत असेल, पण पुष्कळांना नसतं, म्हणून सांगतो. त्या फॉन्टमधल्या फाइलमध्ये "क" हे अक्षर "क" म्हणून साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की फाइल जशीच्या तशी असूनही वाचता येत नाही.

फॉरमॅटनंतर मी ती फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, कंस, टिंबं आणि स्वल्पविराम. नाना मागेच उभे होते. "माझं लिहिलेलं गेलं का रे?" एवढंच विचारलं त्यांनी. मी नाही म्हणालो, पण तेव्हा मला स्वतःलाही खात्री नव्हती.

तयारी केलेली नव्हती असं नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप होता. सी ड्राइव्हवरचं जातं आणि डी वरचं राहतं, एवढ्यावर भिस्त ठेवू नये हे मला ठाऊक होतं. टॅलीचं लायसन्स आठवणीने सरेंडर केलं होतं. ब्राउझरचे बुकमार्क काढून ठेवले होते. दुरुस्तीच्या मुलाने पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची प्रतही घेतली होती, आणि काम झाल्यावर त्यातले ओळखीचे तेवढे फॉन्ट बसवूनही दिले. नानांचा फॉन्ट त्या प्रतीत नव्हता.

पुढचे तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर मी तो शोधत होतो. त्याच नावाच्या दोन फाइली मिळाल्या. पण एकीत रफार भलत्याच अक्षरावर बसत होता आणि दुसरीत जोडाक्षरं फुटत होती. नाव एक, आतली मांडणी वेगळी. शेवटी फॉन्ट सापडला तो ताईच्या मशीनवर. तिने नानांची काही पानं पूर्वी लावून दिली होती, म्हणून तिच्याकडेही तो होता, आणि अपग्रेडनंतरही जागचा हललेला नव्हता. तो ज्या जागी होता ती बघून मला माझ्या मशीनवर काय झालं ते कळलं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून, फॉन्टवर नुसतं "इन्स्टॉल" केलं तर तो फक्त त्या युजरपुरता बसतो आणि युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या भागात खोलवर जातो. विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जायला "सर्व युजर्ससाठी" हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. माझा फॉन्ट त्या लपलेल्या फोल्डरमध्ये होता, आणि फॉरमॅटबरोबर गेला.

युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांचीही यातून पूर्ण सुटका नाही. मंगल हा फॉन्ट विंडोज १० आणि ११ च्या कोऱ्या इंग्रजी इन्स्टॉलमध्ये आपोआप येत नाही. तो देवनागरीच्या पुरवणी फॉन्टमध्ये मोडतो. मराठी किंवा हिंदी भाषा जोडावी लागते, किंवा सेटिंगमधल्या ऐच्छिक सुविधांतून तो उतरवून घ्यावा लागतो. तोपर्यंत मंगलमध्ये लावलेला मजकूर निर्मला फॉन्टमध्ये दिसतो. वाचता येतो, पण ओळींची लांबी बदलते. ताईने लावलेला ४२ पानांचा अहवाल माझ्या मशीनवर उघडला तेव्हा ४४ पानांचा झाला आणि अनुक्रमणिकेतले सगळे आकडे चुकले.

टायपिंगचंही तेच. गुगलचं जे ऑफलाइन मराठी टायपिंगचं साधन आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षं वापरलं, त्याचं सेटअप आता अधिकृतपणे उतरवून घेता येत नाही. ताईच्या मशीनवर ते चालू आहे. मी विंडोजमधल्याच मराठी फोनेटिक कीबोर्डकडे वळलो. २०१९ पासून तो विंडोजमध्ये आहे आणि चांगला आहे, फक्त बोटांना सवय व्हायला वेळ लागला.

आता ताईच्या मार्गाची तयारी. ती कमी आहे असं मी म्हणणार नाही. तो एक शनिवार आम्ही पूर्ण तयारीतच घालवला. सगळ्यात आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर अख्ख्या सी ड्राइव्हची इमेज काढली, म्हणजे नुसत्या फाइली नाहीत तर सगळं जसंच्या तसं. "आहे त्यावरच" म्हटलं तरी वीज कधीही जाऊ शकते. आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद असते, तो दिवस टाळलाच, शिवाय यूपीएस शेजाऱ्यांकडून आणला. सी ड्राइव्हवर तीसेक जीबी जागा मोकळी केली. वेगळा अँटिव्हायरस होता, तो काढला. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळ्या वायरी काढल्या.

दोन गोष्टींनी आम्हाला थांबवलं. पहिली, डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत जुनी, एमबीआर होती, आणि विंडोज ११ ला नवी जीपीटी पद्धत लागते. एकाने फोनवर सांगितलं की आता फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही. तसं नसतं. एमबीआरची जीपीटी करणारं साधन विंडोज १० मध्येच आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं. इमेज काढलेली होती म्हणून ते चालवायची हिंमत झाली. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, यूईएफआय ही मशीन सुरू होण्याची नवी पद्धत निवडली आणि टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू केली. ही सोय इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. तुमचा लॅपटॉप असेल आणि ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल, तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही उतरवलेली सेटअपची फाइल "इंग्लिश इंटरनॅशनल" होती आणि मशीनवरचं मूळ विंडोज अमेरिकन इंग्रजीचं. त्यामुळे फाइली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडताच येईना. अमेरिकन इंग्रजीची फाइल पुन्हा उतरवली आणि तो पर्याय खुला झाला. तिथे घाईत पुढे गेलो असतो तर प्रोग्राम सगळे गेले असते. तो पर्याय तुमच्या डोळ्यांनी निवडलेला दिसल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत्यक्ष अपग्रेडला अडीच तास लागले. ताईने डेस्कटॉप उघडला, पत्रिकेची फाइल उघडली, फॉन्ट जागेवर, आणि ती कामाला लागली. जुनं विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये १० दिवस पडून राहतं आणि तोवर मागे फिरता येतं. त्या १० दिवसांच्या आत एका आदेशाने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. आम्ही वाढवून घेतली. तेवढ्या काळात जागा मोकळी करायची म्हणून डिस्क क्लीनअप चालवू नका, कारण त्यात मागे फिरण्याची वाट पुसली जाऊ शकते. तिला मागे फिरावं लागलं नाही.

तुम्ही फॉरमॅटकडेच झुकत असाल तर माझा विरोध नाही. मशीनवर इंग्रजीच काम असेल, सगळं ब्राउझरमध्येच चालत असेल, तर ते कदाचित तुम्हाला सोयीचंही जाईल. फक्त त्याआधी एक संध्याकाळ काढा. विंडोजचं आणि प्रत्येक युजरचं, अशी दोन्ही फॉन्ट फोल्डरं पेन ड्राइव्हवर घ्या. सर्वांत जुन्या पाच मराठी फाइली उघडा, कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते वहीत लिहा, आणि त्या प्रत्येकाची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार आतच राहतात, त्यामुळे निदान वाचता तरी येतं.

आता घरात तिसरा राहिला आहे, नानांचा लॅपटॉप. त्यातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट चालू करून दिले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप सुरू केला की ते पैसे न देता मिळतात. तोपर्यंत रोज दहा पानं या हिशेबाने नानांच्या आठवणी युनिकोडमध्ये आणतो आहे. ते मूळ पान वाचून दाखवतात, मी बदललेलं तपासतो. कालपर्यंत १३० पानं झाली.